चौथ्या डिस्कवरचे मोठे इवाई

एका वेळी पाच डिस्क पोटात घेणारा डीव्हीडी प्लेअर मी सिनेमे पाहायला घेतला, असा आमच्या अकोल्याच्या कॉलनीत समज आहे. सिनेमे पाहायला एका डिस्कचा पुरतो, हे मलाही कळतं. मी तो एका माणसाला खोटं पाडायला घेतला होता, आणि तेही अशा बेताने, की खोटं पडताना सगळ्यांना वाटावं हे आपोआप झालं. सूड काय, कोणीही घेतो. सभ्य माणसाला तो सभ्यपणे घ्यावा लागतो आणि त्यात फार हाल होतात.

तो माणूस म्हणजे किसनराव, आमचे मोठे इवाई. व्याह्यांना आमच्या वऱ्हाडात इवाई म्हणतात. माझी एकुलती एक मुलगी आकांक्षा वरूडला दिली. जावई नितेश गुणी, त्याचे वडील अबोल. घर चालतं ते नितेशच्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या शब्दावर, म्हणजे किसनरावांच्या. संत्र्याचा मोठा बगीचा. पण बोअरचं पाणी खाली खाली जात गेलं तसा तो उन्हाळ्यागणिक वाळत चालला होता. झाडं जसजशी कमी झाली तसतसा किसनरावांचा मानाचा आग्रह वाढला, असं माझं निरीक्षण. ते मी तेव्हा कुचेष्टेने सांगत असे.

आमच्याकडे लग्नात वरपक्षाच्या मानकऱ्यांची नावं माईकवरून पुकारतात. मानकरी स्टेजवर येतो, त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा आणि हातात नारळ दिला जातो. मग तो फोटोसाठी असा उभा राहतो की जणू मुलगी त्यालाच दिली आहे. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी वरूडहून निरोप आला. मोठ्या इवायांना टोपी-दुपट्टा मिळाला नाही, कोणी ‘जेवा’ म्हणून विचारलं नाही, आणि ते मांडवातून उपाशी उठले.

उपाशी उठले! मुलीच्या बापाला आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. अख्ख्या कॉलनीने ज्या पंगतीची तारीफ केली, त्या पंगतीतून एक मानकरी उपाशी गेला म्हणे. मी त्या दिवसापासून रस्त्याने चालताना लोकांच्या तोंडाकडे पाहायचं सोडलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी ते गिळलंही असतं. पण आकांक्षाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आमच्या सौभाग्यवती रुख्मिणीबाईंनी जुन्या साड्यांची दुपटी शिवायला घेतली होती. आणि किसनरावांचा फोन आला.

“ज्या मांडवातून आमी उपाशी उठलो, त्या घरी आमची सून बायंतपनाले नाई येनार. इथं दवाखाने हायेत.”

फोनवर मागे आकांक्षाचं खोकणं ऐकू आलं. रडू आलं की ती लहानपणापासून खोकते. रुख्मिणीने दुपट्याचं शिवण अर्ध्यावर ठेवलं आणि ती सुई तशीच कापडात खोचलेली कितीतरी दिवस राहिली.

अशा वेळी लग्नाच्या व्हिडिओवाल्याने पाच डिस्क आणून दिल्या. हळद, वरात, लग्न, मानपान-पंगत आणि बिदाई. मी त्या स्टुडिओतच पाहिल्या आणि चौथ्या डिस्कला खुर्चीवरून उठून उभा राहिलो. माईकवर आवाज स्पष्ट: “किसनराव, मोठे इवाई, जिथं असतील तिथून स्टेजवर यावं!” एकदा नाही, वारंवार. कॅमेरावाला बिचारा त्यांना शोधत मांडवाच्या मागे गेला आणि पहिल्या पंगतीच्या टोकाला, बँडवाल्यांच्या शेजारी, त्याला ते सापडले. किसनराव जेवत होते. मन लावून जेवत होते. शेवटी इकडे-तिकडे पाहून त्यांनी पत्रावळीतले लाडू रुमालात बांधले आणि रुमाल कोटाच्या खिशात घातला.

स्टुडिओवाला म्हणाला, “मूळ शूटिंग पुसलं हां साहेब, मशीन भरली होती. हीच एक कॉपी.” मी ती डिस्क छातीशी धरून घरी आलो.

“झालं तं मंग,” रुख्मिणी म्हणाली, “नाव पुकारलं होतं हे आपल्याले मालूम झालं. आता एक टोपी-दुपट्टा घ्या, वरूडले जा, खांद्यावर टाका अन् मोकळे व्हा.”

“म्हणजे मी चूक कबूल करू? पुरावा हातात असताना?”

“पोरगी आणायची हाये का कोर्टात जायचं हाये?”

बायकांना तत्त्व समजत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्याचे दिवस तेव्हाही नव्हते.

माझा बेत असा होता. वरूडच्या मंडळींना लग्नाची फिल्म पाहायला बोलवायचं. आपण पडद्यावर कसे दिसलो हे पाहायला आमच्याकडे माणूस तापातून उठून येतो. पण मी जर उठून मुद्दाम चौथी डिस्क लावली, तर लोक म्हणणार, जानरावने इवायाला घरी बोलवून त्याची इज्जत काढली. पाहिजे होतं असं यंत्र, की पहिली डिस्क लावून मी लांब पानाचा डबा घेऊन बसावं, आणि हळद-वरात-लग्न करत गाडी आपसूक चौथीवर यावी. मग मी म्हणणार, “अरे! हे आपले मोठे इवाई तर नाहीत?”

शेजारी गयासुद्दीनभाईंचा गादी-रजईचा कारखाना आहे. त्यांचा-माझा बिछायतीपासून बिछान्यापर्यंत सगळा घरोबा. त्यांनी बेत ऐकून घेतला आणि हातातला कापूस खाली ठेवला.

“जानरावभाई, बुरा मत मानना. कापूस पिंजतानी जोरात मारला की तुटते. जरासा अंदाज पायजे. मेहमान घरी बुलाके त्याले जलील करनं… मले नाई जमत.”

“मी कुठे करतो? यंत्र करील.”

“हां, यंत्रच करन,” ते म्हणाले आणि पुन्हा पिंजायला लागले.

तसलं यंत्र अकोल्यात मिळेना. शेवटी अमरावतीहून आणलं, एसटीत मांडीवर घेऊन, आणि बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत शेजारचे एक गृहस्थ त्या खोक्यावर कोपर टेकून झोपले. घरी आल्यावर पाच गोल खणांचा ट्रे असा ऐटीत बाहेर आला की मीही क्षणभर सगळा सूड विसरलो. रुख्मिणी पूजेचं ताट घेऊन आली. नवीन वस्तू घरात आली की हळदकुंकू लागतंच. आमच्या मिक्सरलाही लागलं आहे. मी पाचही डिस्क खणांत मांडल्या आणि चपला नीट लावायला बाहेर गेलो. तेवढ्यात तिने डिस्क एकेक उचलून पाचही खणांत चिमूटभर अक्षता टाकल्या, आणि डिस्कच्या चकचकीत बाजूला कुंकवाचं एकेक बोट लावून परत ठेवल्या. चकचकीत बाजू म्हणजे तोंड, असा तिचा हिशेब. कुंकू काय पाठीला लावतात?

मी येऊन बटण दाबलं. ट्रे आत गेला, अर्धा फिरला, जात्यात खडा यावा तसा कर्र आवाज आला आणि सगळं बंद पडलं. पुन्हा बटण दाबलं. उघडेना. जगातली एकुलती एक चौथी डिस्क आत, कुंकू लावून, अक्षतांवर बसलेली.

मी रुख्मिणीकडे पाठ करून बटण दाबतच राहिलो. ती मात्र म्हणाली, “देवाच्याही मनात नाई ते.”

कॉलनी जमली. एकाने यंत्र उलटं करून हलवायला सांगितलं, दुसऱ्याने उन्हात ठेवायला. गयासुद्दीनभाईंच्या जहाँआराभाभी म्हणाल्या, “आमचा टेप असाच अटकला होता, थप्पड मारली तं चालला.” मी थप्पडही मारून पाहिली. आतून तांदूळ खुळखुळले.

वरूडच्या मंडळींना पुढच्या रविवारचं निमंत्रण गेलेलं. दुरुस्ती फक्त अमरावतीला. आणि ऑफिसात रजा बंद! मी शेतीखात्यात कारकून. त्या वर्षी आमच्याकडे दर पंधरवड्याला दिल्ली-मुंबईहून एखादं पथक यायचं, शेतकऱ्यांचं असं का होतंय ते पाहायला. ते यायचे, बांधावर उभे राहायचे, बोंड हातात धरून फोटो काढायचे, जायचे. आमचे साहेब म्हणाले, “पथक जाईस्तोवर लघवीलाही विचारून जायचं.” शेवटी अमरावतीच्या वरच्या ऑफिसात अहवालाचा गठ्ठा पोहोचवायचं काम मी हात वर करून मागून घेतलं. एका काखेत जिल्ह्याचं दुःख, दुसऱ्या काखेत माझं, असा मी गेलो.

वरच्या ऑफिसात गठ्ठा कोणी घेईना, पण खोकं मात्र एका अधिकाऱ्याने पाहिल्याबरोबर उचललं. “प्रोजेक्टर आणला का? उत्तम! पथक सभागृहातच आहे.” मी नाही-नाही म्हणेपर्यंत माझं यंत्र सभागृहाच्या टेबलावर, वायर खोचलेली. दिल्लीची माणसं पडद्याकडे तोंड करून बसलेली. यंत्राने कर्र केलं. कोणीतरी इंग्रजीत विचारलं, हा आवाज कसला? मी म्हणालो, “सर, तांदूळ.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला होता. आतली डिस्क त्या घटकेला चालू झाली असती, तर वऱ्हाडच्या प्रश्नावर किसनराव लाडू बांधताना दिसले असते.

तिथून सुटून दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने झाकण खोलून चिमट्याने अक्षता काढल्या, कागदावर ठेवल्या आणि म्हणाला, “गॅरंटी गेली. आत बाहेरची वस्तू पडली.”

“तांदूळ ही बाहेरची वस्तू?”

“तुमच्याकडे पिकतो का?”

नाही पिकत. आमच्याकडे ज्वारी, कापूस आणि तूर. पैसे भरून यंत्र घेतलं. निघताना तो म्हणाला, “चाल्ते, पण नंबर कधी कधी मागंपुढं होईन. त्याच्या मनावर राह्यते.”

डिस्कवरचं कुंकू गयासुद्दीनभाईंनी सरकी काढलेल्या धुतल्या रुईने पुसून दिलं. चौथी डिस्क पुसताना ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

रविवार आला. भारनियमनामुळे लाइन चारला जाणार होती आणि मंडळी ट्रॅक्स जीपने बाराच्या सुमारास उतरली. आधी किसनराव, पांढरेधोप, कडक इस्त्रीचे. मग त्यांच्या पत्नी बेबीताई, मग नितेश, त्याचे वडील, आणि सगळ्यांत शेवटी आकांक्षा. सातव्या महिन्याचं जड पाऊल. हातात बॅग. ती बॅग पाहून रुख्मिणीचा हात तोंडाशी गेला. पोरीने कोणाला न विचारता कपडे भरून आणले होते. बॅग घरात येणार की परत ट्रॅक्समध्ये जाणार, हे ठरायचं होतं. नितेशने ती दाराशीच, उंबऱ्याला लावून ठेवली.

रुख्मिणीने पाणी आणलं. किसनरावांनी हाताच्या पंजाने गिलास बाजूला सारला.

“पान्याले नाई आलो. बेबी म्हने फिलिम पाहाची हाये, म्हून आलो.”

आकांक्षा खोकली. आतल्या पलंगावर रुख्मिणीने दोन टोपी-दुपट्टे काढून ठेवलेले मला सकाळीच दिसले होते, एक नितेशच्या वडिलांसाठी, एक किसनरावांसाठी. मी तिला बजावलं होतं: आधी फिल्म, मग बघू. मला आधी त्यांचा चेहरा पाहायचा होता.

मी पहिली डिस्क लावली आणि पानाचा डबा घेऊन लांब बसलो. हळद बरोबर आली. वरातही आली. बेबीताई स्वतःला ओळखून लाजल्या, नितेशचे वडील स्वतःला पाहून चक्क हसले. मग यंत्र आत गुरगुरलं, फिरलं आणि लग्नाच्या ऐवजी एकदम बिदाई सुरू झाली. नवरा-नवरीने हार घालायच्या आधीच मी पडद्यावर दाराला धरून हमसून रडताना दिसलो.

“हे काय, लग्न नाई लागलं अन् पोरगी चालली?” बेबीताई म्हणाल्या.

“यंत्राच्या मनावर आहे,” मी म्हणालो. तीन वाजून गेले होते. बिदाई संपता संपेना. रुख्मिणी खरीच रडायला लागली, तिचं पाहून आकांक्षा. किसनराव ताठ बसून पडद्याकडे पाहत होते, पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. कशाची तरी वाट पाहिल्यासारखे ते कोटाच्या गुंड्या चाचपत होते.

मग लग्न लागलं. घड्याळाचा काटा चारकडे निघाला. लाइन गेली तर सगळं फुकट. ही माणसं उठतील, बॅग ट्रॅक्समध्ये जाईल आणि मी पुरावा घेऊन बसेन. मंगलाष्टकं अशी लांबली की भटजीचा मला इतका राग लग्नातही आला नव्हता. शेवटी यंत्र गुरगुरलं, फिरलं, अडखळलं, आणि पडद्यावर आकडा आला. चार.

मांडवातला माईक खरखरला. मानकऱ्यांची नावं सुरू झाली. एकेकाला टोपी-दुपट्टा. बेबीताई पुढे सरकून बसल्या. आणि आवाज आला: “किसनराव, मोठे इवाई, जिथं असतील तिथून स्टेजवर यावं!”

खोलीतली सगळी डोकी किसनरावांकडे वळली. बेबीताई म्हणाल्या, “आवं, तुमचं नाव तं घेऊन राह्यले!”

माझा क्षण आला होता. मी डबा बाजूला ठेवला आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला तो चेहरा पाहिला.

म्हातारा पांढरा पडला होता. तो पडद्याकडे पाहत नव्हता, त्याच्या सुनेकडे पाहत होता, माझ्या आकांक्षाकडे. आणि त्याचा हात कोटाच्या खिशावर घट्ट दाबलेला होता. तोच कोट होता. त्याला माहीत होतं. त्याला आपण काय केलं ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तो आला होता. मला वाटलं होतं मला फार गंमत वाटेल. ती वाटली नाही. अर्धा बगीचा तोडून जळणाला दिलेला हा माणूस, आणि मी त्याला त्याच्या घरच्या बायापोरांपुढे रुमालात लाडू बांधताना दाखवणार होतो.

कॅमेरा मांडवाच्या मागे वळला. मी रिमोट दाबला. यंत्र ढिम्म. पुन्हा दाबला. या यंत्रात आजवर ज्या चौथ्या डिस्कने कधी धडपणे तोंड दाखवलं नव्हतं, ती आता सोडायला तयार नव्हती. पडद्यावर पंगत आली. पत्रावळी, वाढपी, बँडवाल्यांचे लाल कोट…

मी उठलो आणि टीव्हीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. माझा देह बऱ्यापैकी रुंद आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.

“बाबा, दिसत नाही!” आकांक्षा म्हणाली.

“आवं, बाजूले व्हा ना!” रुख्मिणी.

“आधी एक काम राहिलंय,” मी म्हणालो. “रुख्मिणी, आतून टोपी-दुपट्टा आणि नारळ आण.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती धावत गेली. माझ्या पाठीमागे माईक पुकारतच होता, किसनराव, जिथं असतील तिथून यावं. मी म्हणालो, “या इवाई.”

किसनराव उठले. दोन पावलं पुढे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. “त्या दिवशी आमच्याकडून राहून गेलं,” मी म्हणालो. “चूक आमची.” आवाज माझाच होता, विश्वास बसत नव्हता.

ते वाकले, माझ्या कानाशी आले. त्यांच्या उंचीमुळे त्यांना माझ्या खांद्यावरून पडदा दिसत असणार.

“लाडू चांगले होते इवाई,” ते हळूच म्हणाले. “एक बेबीले नेला होता. बायांच्या पंगतीले लय वेळ होता, म्हून.”

मग वळून मोठ्याने म्हणाले, “नितेश, ते बॅग उंबऱ्यात काहून ठेवली बे? आत घे. सून इथंच राह्यन. अन् वहिनी, पानी आना, घसा सुकून राह्यला.”

रुख्मिणी पाणी आणायला गेली ती पदर डोळ्यांना लावूनच. बेबीताई मात्र मान इकडे-तिकडे करून ओरडत होत्या, “आता तं सरका जानरावभाऊ, आता बायांची पंगत येईन, मी त्यातच होती!”

मी नाही सरकलो. पंगत चांगली लांब होती, मीच घातली होती ती, आणि लाइनही नेमकी त्याच दिवशी वेळेवर गेली नाही. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत मी टीव्हीपुढून हललो नाही.